चाउशेस्कूला कोणी बुडवलं: उपाशी जनतेने की घरच्यांनीच?

टेकडीवरचा

रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू का पडला विचारलं की सगळे तेच सांगतात, लोक उपाशी होते, थंडीने कुडकुडत होते, सोव्हिएत रशियाच्या गोर्बाचोव्हने डोक्यावरचा हात काढला, खेळ खलास. ते आहेच. पण १९८९ मध्ये पूर्व युरोपातली जवळजवळ सगळी कम्युनिस्ट सरकारं गेली ना? मग बाकीचे म्हातारे मुकाट घरी बसले आणि हा एकटाच बायकोसकट भिंतीला लावून गोळ्या घालून का मारला गेला?

माझं मत सांगतो, मग झोडा. पूर्व जर्मनीत होनेकरला ऑक्टोबरात त्याच्याच पॉलिटब्युरोने, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ मंडळाने हटवलं. बल्गेरियात झिवकॉव्ह १९५४ पासून बसलेला, १० नोव्हेंबरला त्याच्याच माणसांनी त्याचा राजीनामा घेतला. म्हणजे तिथे "साहेब, आता पुरे" म्हणणारं कोणीतरी होतं. रोमानियात तसं कोणी उरलंच नव्हतं, कारण जिथे बघावं तिथे घरचा माणूस. बायको एलेना १९८० पासून पहिली उपपंतप्रधान, आणि पक्षात कोणाला कुठलं पद द्यायचं हे ठरवणारा विभागही तिच्याच मुठीत. एक भाऊ इलिए, सैन्यात जनरल आणि संरक्षण खात्यात उपमंत्री. दुसरा निकोलाए आंद्रुत्सा (दोन सख्ख्या भावांचं नाव निकोलाए, विचारू नका) गृहखात्यात जनरल. तिसरा नियोजन मंडळात वरच्या खुर्चीत, चौथा व्हिएन्नात व्यापार कचेरीचा मुख्य. धाकटं चिरंजीव निकू आधी युवक संघटनेचे प्रमुख, मग १९८७ ला सिबियू जिल्ह्याचे पक्षप्रमुख, आणि वारसदार कोण तर तेच. बर्लिनची भिंत पडून पंधरवडा झाला तरी पक्षाच्या चौदाव्या अधिवेशनात याला एकमताने परत निवडलं, उभं राहून टाळ्या वाजवत.

तर प्रश्न असा की घरच्यांना बसवलं नसतं तर तो जिवंत राहिला असता का? पेन्शन घेऊन कुठेतरी गुलाबाची कलमं करत बसला असता का?

गप्पीमासा

गुलाबाची कलमं करायला बायकोने परवानगी दिली असती तर ना.

जुनी_पेठ

तेव्हा रोमानियात लोक पक्षाच्या PCR या आद्याक्षरांचा अर्थ "पेत्रेस्कू, चाउशेस्कू आणि नातेवाईक" असा सांगायचे, पेत्रेस्कू हे एलेनाचं माहेरचं आडनाव. त्यामुळे तुमचा सिद्धांत रोमानियन लोकांनी तुमच्या आधीच मांडून ठेवलाय :)

आमच्याकडे तेव्हा दूरदर्शन एवढंच होतं, व्ही. पी. सिंग नुकतेच पंतप्रधान झालेले आणि पेपरात सगळं त्याचंच. मधेच रोमानियाच्या बातम्या, पहिल्या पानावर "साठ हजार ठार" वगैरे. पुढे कळलं की क्रांतीत एकूण मेले ते अकराशेच्या आसपास. तेही भयानकच आहे, पण साठ हजार कुठे आणि अकराशे कुठे. गंमत म्हणजे खटल्यात त्याच्यावर आरोप लावला तोही साठ हजारांच्या वंशसंहाराचाच.

सातारी_तडका

घराणेशाहीचा धागा आहे तर आपल्याकडच्या पक्षांवर कधी येताय? पॉपकॉर्न घेऊन बसलोय

टेकडीवरचा

@सातारी_तडका नको रे बाबा. अ‍ॅडमिन कुलूप लावतील, मग मला मेसेज करून शिव्या देशील. रोमानियातच राहू.

रसायन_काकू

एलेनाबाईंबद्दल बोलायचा हक्क माझा, कारण मी पॉलिमरमध्येच पीएचडी केली आणि त्या पायी केस पांढरे करून घेतले. या बाईंनी शाळा अर्धवट सोडलेली, आणि १९६७ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट, विषय आयसोप्रीनचं पॉलिमरीकरण! कायद्याने व्हायव्हा सगळ्यांसमोर व्हायला हवा होता, तो बंद दाराआड उरकला. त्यानंतर यांच्या नावावर निबंध काय, पुस्तकं काय, राष्ट्रीय रसायन संशोधन संस्थेच्या संचालक काय. लिहिणारे दुसरेच, ज्यांना गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी एका आलेखावरून पाऊण तास सोलून काढलं होतं, तेव्हा मला ही बाई माहीत असती तर रडलेच असते.

१९७८ ला नवराबायको ब्रिटनच्या सरकारी दौऱ्यावर गेले, बकिंगहॅम राजवाड्यात मुक्काम. ब्रिटनला विमानं विकायची होती. बाईंना हवी होती रॉयल सोसायटीची फेलोशिप, ती काही मिळाली नाही, पण रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्रीने मानद फेलो केलंच. लोकशाही देशातल्या शास्त्रज्ञांनी एका विमानाच्या सौद्यासाठी मान तुकवली याचा मला जास्त राग येतो. रोमानियातल्यांच्या मानेवर तरी सुरी होती.

सह्याद्री_वारा

काकू भारी प्रतिसाद. थोडक्यात बाईनेच बुडवलं त्याला. नवरा १९६८ मध्ये हिरो होता, झेकोस्लोव्हाकियात रशियन रणगाडे घुसले तेव्हा बुखारेस्टच्या चौकात उभा राहून त्याने जाहीर निषेध केला, पुढच्या वर्षी अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन भेटीला आला. बायको राजकारणात आली आणि वाट लागली.

मनवा_के

@सह्याद्री_वारा हे फार सोयीचं आहे हां. सत्ता नवऱ्याची, सही नवऱ्याची, पाप मात्र बायकोचं. १९६६ चा ७७० नंबरचा हुकूम कोणी काढला? एलेना तेव्हा राजकारणात कुठेच नव्हती. गर्भपात बंद. ४५ वर्षांच्या आतल्या बाईला चार मुलं असल्याशिवाय सुटका नाही, नंतर चाराची पाच केली. गर्भनिरोधक साधनं बाजारात मिळायचीच नाहीत. कारखान्यात बायकांची तपासणी व्हायची, कोणी गरोदर आहे का बघायला, आणि मूल नसलेल्यांना वेगळा कर. चोरून गर्भपात करताना नऊ-दहा हजार बायका मेल्या असा अंदाज आहे, युरोपात बाळंतिणींचा मृत्युदर सगळ्यात जास्त तिथेच. आणि जी मुलं जन्मली पण आईबापांना पोसवेनात ती अनाथालयात. १९९० मध्ये परदेशी पत्रकार तिथे पोचले तेव्हाचे फोटो मी एकदाच बघितलेत, परत बघणार नाही.

आता हिशोब करा. हुकूम १९६६ चा, पहिली मोठी लाट जन्मली १९६७-६८ ला. डिसेंबर १९८९ मध्ये ती पोरं एकवीस-बावीस वर्षांची होती. टिमिशोआरा (उठाव सुरू झाला ते शहर) आणि बुखारेस्टच्या चौकात कोण होतं मग? त्याने जबरदस्तीने जन्माला घातलेली पिढीच त्याच्यासमोर उभी राहिली.

एलेना साधी होती असं मी म्हणतच नाहीये. पण "बाईने बुडवलं" ही ओळ फिलिपिन्सच्या हुकूमशहा मार्कोसची बायको इमेल्डा हिच्यापासून सगळ्यांना लावून झालीये, कंटाळा आला.

सह्याद्री_वारा

बरं बाई, "दोघांनी मिळून". चालेल?

मनवा_के

चालेल.

बुखारेस्टी_पुणेकर

आयटीच्या कृपेने बरीच वर्षं इथे आहे म्हणून दोन पैसे. आमच्या घरमालकीणबाई आता सत्तरीच्या पुढे, त्यांच्याकडून ऐकलेलं लिहितो.

कर्जाची गोष्ट कोणी काढली नाही अजून. १९८१ च्या सुमाराला रोमानियावर दहा अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज होतं. साहेबांनी ठरवलं सगळं फेडायचं, एक पैसा ठेवायचा नाही. मग जे पिकेल, जे बनेल ते बाहेर. मांस बाहेर, अंडी बाहेर, लोणी बाहेर. दुकानात उरायचे डुकराचे खूर, त्यांना लोक "आदिदास" म्हणायचे. पाव, तेल, साखर रेशनवर. हिवाळ्यात फ्लॅटमधले रेडिएटर कोमट, बाई सांगतात घरातसुद्धा ओव्हरकोट घालून बसायचो, स्वयंपाकाचा गॅस रात्री उशिरा यायचा म्हणून स्वयंपाक मध्यरात्री. टीव्ही दिवसाला दोन तास, त्यातही मुख्य पात्रं हीच दोघं. टिमिशोआराची माणसं अँटेना वळवून युगोस्लाव्हियाचा टीव्ही बघायची, त्यामुळे बाकी युरोपात काय चाललंय ते त्यांना बुखारेस्टवाल्यांपेक्षा आधी कळायचं. आणि ठिणगी पडली ती तिथेच.

१९८९ च्या वसंतात त्याने जाहीर केलं, कर्ज फिटलं. लोकांना वाटलं आता तरी दुकानात काही येईल. काही आलं नाही, निर्यात तशीच चालू. बाई म्हणतात आम्ही खरे तेव्हा चिडलो.

आणि याच वर्षांमध्ये ते राक्षसी संसद भवन चाललं होतं. जुना उरानस मोहल्ला सगळा पाडला, चाळीसेक हजार माणसांना हलवलं, देवळं मठ पाडले. काही चर्च एका इंजिनिअरने पायापासून कापून रुळांवरून सरकवत नेऊन वाचवली, ती आज मोठ्या इमारतींच्या मागे लपवल्यासारखी उभी आहेत. त्यातलं एक मिहाई व्होदा, जवळजवळ तीनशे मीटर सरकवलेलं, जाऊन बघा, डोकं चक्रावतं.

शून्य_अंश

दुकानात आदिदास, हसून हसून पुरेवाट. आणि मग वाईटही वाटलं.

वाचनवेडा

शेवटचे दिवस कोणीच नीट लिहिले नाहीत म्हणून लिहितो, मोठं होईल, झेला.

टिमिशोआरात लास्लो तोकेश नावाचा हंगेरियन वंशाचा पाद्री. त्याला घरातून काढायचा हुकूम निघाला, त्याचे लोक घराभोवती साखळी करून उभे राहिले, १६ डिसेंबरला त्यात रोमानियन लोकही मिसळले आणि मोर्चा झाला. १७ ला गोळीबार. चाळीसच्या वर प्रेतं शवागारातून पळवून बुखारेस्टला नेऊन जाळली, पुरावा नको म्हणून. एवढं झाल्यावर साहेब १८ ला ठरल्याप्रमाणे इराणच्या दौऱ्यावर गेले! मागे कारभार एलेनाकडे. मला वाटतं टेकडीवरचांच्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा नको. देश पेटलाय आणि चावी बायकोकडे देऊन हा बाहेर, कारण दुसऱ्या कोणावर विश्वासच नाही.

२० ला परत आला, २१ ला चौकात सभा. कारखान्यांतून माणसं बसने आणलेली, हातात फलक. भाषण चालू असताना मागून कल्ला झाला, आणि त्याचा चेहरा बघा त्या क्षणी, हात वर, तोंड उघडं. सरकारी टीव्हीने प्रक्षेपण तोडलं. परत सुरू झालं तेव्हा हा सांगतोय किमान पगार दोनशे लेईने (लेई म्हणजे तिथलं चलन) वाढवतो. वीस वर्षांचा हिशोब दोनशे लेईत मिटवायला निघालेला.

२२ ला सकाळी संरक्षणमंत्री मिलेआ मेला. सरकार म्हणालं देशद्रोही होता, आत्महत्या केली. सैनिकांना वाटलं यांनीच मारला. पुढे चौकशीत आत्महत्याच निघाली, पण तोवर सैन्य फिरलं होतं. नवीन जबाबदारी दिली जनरल स्तंकुलेस्कूला. हा गडी टिमिशोआरात गोळीबारात सामील होता, आणि बुखारेस्टला परत आल्यावर आता कोणाची बाजू घ्यावी लागेल या भीतीने धडधाकट पायाला प्लास्टर घालून बसला होता. त्याने सैन्य बराकीत परत बोलावलं आणि नवराबायकोला गच्चीवरून हेलिकॉप्टरमध्ये बसवून दिलं. तीन दिवसांनी खटला भरवणाराही तोच.

हेलिकॉप्टर आधी स्नागोव्हला, मग तितूजवळ रस्त्यालगत. वैमानिक म्हणाला रडारवर दिसतोय, पाडतील, आणि उतरवलं. मग चोवीस वर्षं देश चालवलेला माणूस रस्त्यावर लिफ्ट मागतोय. पहिली गाडी एका डॉक्टरची, त्याने गाडीचं काहीतरी निमित्त केलं. दुसरी एका साध्या माणसाची, त्याने तिर्गोविश्तेला एका शेती केंद्रात नेऊन सोडलं, तिथे एका खोलीत बाहेरून कडी. तिथून मिलिशिया म्हणजे तिथले पोलीस, मग सैन्याची बराक. २५ डिसेंबरला तासाभराचा खटला आणि लगेच गोळ्या. कॅमेरावाला धावत पोचेपर्यंत गोळीबार झालाही होता, म्हणून त्या टेपमध्ये मुख्य प्रसंगच नाही.

गप्पीमासा

प्लास्टरचा किस्सा लई भारी. आमच्या ऑफिसात अप्रेजलच्या आठवड्यात असे तीन-चार स्तंकुलेस्कू निघतात.

निरीक्षक_७०

खटल्याचं कौतुक करू नका कृपया. बचावाचा वकील आरोपीलाच झापत होता. अपिलाला दहा दिवस मिळायला हवे होते, मिळाली काही मिनिटं. आणि घाई कोणाला होती? त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या इलिएस्कू आणि मंडळींना, जे कालपर्यंत त्याच पक्षात होते. अकराशेपैकी बहुतेक माणसं नवराबायको पळाल्यानंतर मेली, "अतिरेकी" आलेत म्हणून अंधारात एकमेकांवर गोळ्या झाडत. ते अतिरेकी कोण हे कधी धड सिद्ध झालं नाही. चाउशेस्कू कोर्टात बोलत राहिला असता तर कोणाकोणाची नावं घेतली असती, हा विचार करा. जानेवारी १९९० मध्ये त्याच लोकांनी फाशीची शिक्षा रद्द केली, म्हणजे रांगेतले शेवटचे दोघं हेच.

शून्य_अंश

मुलांचं काय झालं पण? तीन होती ना?

बुखारेस्टी_पुणेकर

@शून्य_अंश हो तीन. थोरला व्हॅलेंटिन भौतिकशास्त्रज्ञ, खरा, आईसारखा नव्हे. अणुभौतिकी संस्थेत काम करायचा, फुटबॉलचं वेड, १९८६ ला युरोपियन कप जिंकलेल्या स्तेआवा क्लबच्या पाठीशी तोच होता. काही महिने तुरुंगात काढून सुटला, परत आपल्या कामाला लागला, पुढे कोर्टात भांडून घरातून जप्त झालेली चित्रंही परत मिळवली. मधली झोया गणितज्ञ, तिचीही सुटका १९९० मध्ये, नोकरी गेली, २००६ ला कर्करोगाने वारली. निकू, वारसदार, त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, लिव्हर आधीच गेलेलं, म्हणून १९९२ मध्ये सोडला, १९९६ मध्ये व्हिएन्नात गेला, वय ४५. आणि व्हिएन्नाचाच तो व्यापार कचेरीवाला काका मारिन, तो २८ डिसेंबर १९८९ ला गळफास लावलेला सापडला.

मुलांनाही शंका होती की घेंचेआ स्मशानात पुरलेत ते खरंच आईबाप आहेत का. २०१० मध्ये उकरून डीएनए तपासला, बाप तोच निघाला, आईच्या अवशेषांची मात्र नक्की ओळख पटली नाही.

कोकणी_गजाल

मंजे आईबापाक गोळ्यो आनि झिल परत नोकरीर. सद्दाम आनि गद्दाफीच्या झिलांपेक्षा बरे सुटले मां.

फौजी_बाप्पा

टेकडीवरचा साहेब, तुमच्या सिद्धांतात एक भोक आहे. घराणं बसवल्याने बुडतो म्हणता, मग उत्तर कोरिया? किम इल सुंगने मुलगा बसवला, त्याने नातू बसवला, तिसरी पिढी मजेत आहे. सीरियात असद बापलेक मिळून पन्नासच्या वर वर्षं टिकले, डिसेंबर २०२४ मध्ये लेक मॉस्कोला पळाला तेव्हा संपले. म्हणजे घराणं हे रोग नसून कधीकधी औषधही असतं. चाउशेस्कू १९७१ ला प्योंगयांगला जाऊन तेच शिकून आला होता, स्टेडियमभर माणसं, फोटो, टाळ्या.

फरक सैन्यात आहे. किमने सैन्याला सगळ्यात वर ठेवलं. याने काय केलं? जवानांना कणसं तोडायला पाठवलं, खाणीत पाठवलं, डॅन्यूब ते काळा समुद्र कालवा खणायला लावलं. लाड सगळे सेकुरिटाटेचे, म्हणजे गुप्त पोलिसांचे. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, हातात बंदूक, सहा महिने बीट उपटून आलेलं, घरी आई रांगेत उभी, त्याला तुम्ही चौकात आणून म्हणता झाड गोळी. एक दिवस झाडेल. दुसऱ्या दिवशी नाही झाडणार. भाऊ जनरल असून काय उपयोग, जनरलच्या खाली कोणी नाही.

टेकडीवरचा

@फौजी_बाप्पा याचीच वाट बघत होतो. पटतंय बरंचसं, पण मी मुद्दा सोडत नाही. घराणं टिकवायचं तर किमसारखं बंदूकवाल्यांना घराण्यात भागीदार करावं लागतं. याने पक्ष मारला, सैन्य उपाशी ठेवलं, आणि उरलं काय तर नातेवाईक. विरोध करणारे नव्हते असं नाही. १९७९ च्या अधिवेशनात म्हातारा पर्वुलेस्कू उभा राहून तोंडावर म्हणाला की तू देशाचे प्रश्न सोडून स्वतःची निवड करून घेतोयस. मार्च १९८९ मध्ये सहा जुन्या नेत्यांनी उघड पत्र लिहिलं, त्यात हेच पर्वुलेस्कू नव्वदी ओलांडलेले. सगळे नजरकैदेत. बल्गेरियात पक्षातल्याच माणसांनी झिवकॉव्हला घरी बसवलं. इथे त्यांना खोलीत बसवलं. मग दार फोडायला रस्त्यावरचे लोकच उरले, आणि ते राजीनामा मागत नाहीत.

निरीक्षक_७०

रस्त्यावरच्यांनी दार फोडलं हे खरं, पण आत जाऊन खुर्चीवर बसले ते जुनेच, हेही लिहा.

फौजी_बाप्पा

+१ निरीक्षक. आणि टेकडीवरचा साहेब, "उरले नातेवाईक" याला अनुमोदन, बाकी सैन्याचा मुद्दा माझाच वरचढ.

मनवा_के

दोघांनी एकेक लाडू घ्या.

रसायन_काकू

अवांतर, पण राहवत नाही. एलेनाबाईंच्या नावाचे संशोधन निबंध अजून नियतकालिकांच्या यादीत आहेत म्हणे, रोमानियातले शास्त्रज्ञ ते मागे घ्या म्हणून मागे लागलेत. माझा एक पेपर संदर्भ चुकीच्या क्रमाने दिले म्हणून परत आला होता.

शून्य_अंश

@बुखारेस्टी_पुणेकर दिवाळीच्या सुट्टीत येतोय तिकडे. यातलं काय काय बघता येतं?

बुखारेस्टी_पुणेकर

संसद भवनाला पासपोर्ट बरोबर ठेव, त्याशिवाय सोडत नाहीत. यांचं राहतं घर, प्रिमावेरी, २०१६ पासून लोकांना बघायला खुलं आहे, आत पोहण्याचा तलाव, सोन्याचा मुलामा दिलेली न्हाणी आणि बाईंचे कपडे. आधी बुकिंग कर. तिर्गोविश्तेची बराक आता संग्रहालय आहे, बुखारेस्टहून ऐंशीएक किलोमीटर, सकाळची ट्रेन पकडलीस तर संध्याकाळी परत. घेंचेआतली कबर फुकट आहे, आणि तिथे ताजी फुलं दिसली तर दचकू नकोस, "त्याच्या काळी नोकरी आणि घर तरी मिळायचं" म्हणणारे इथे भरपूर आहेत. आमच्या घरमालकीणबाई त्यांच्याशी भर बाजारात भांडतात. मेसेज कर, जेवायलाच ये.